दोन भावांचं ऑइल

वाटणीच्या वेळी पंचांनी सगळं बरोबर कापलं. काळी जमीन कापली, माळ कापला, गोठ्यात मधोमध भिंत घातली. तांब्याचा बंब एकाला आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याला दोन हंडे, असं करून तोही मिटवला. कापता न येणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या. एक रंगनाथरावांची जुनी जीप आणि दुसरी रंगनाथरावांची बायको, म्हणजे धुरपताबाई.

पंच म्हणजे कोण, गावातलीच चार डोकी. चार डोक्यांनी दुपारभर चहा ढोसून जो तोडगा काढला त्याचं त्यांचं त्यांनाच भारी कौतुक वाटलं. पौर्णिमेपासून अमावस्येपर्यंत एक पाळी, अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत दुसरी. ज्याच्याकडे जीप त्याच्याकडे आई नाही, ज्याच्याकडे आई त्याच्याकडे जीप नाही. पाळी बदलायची ती त्या दिवशी दिवस मावळला की. म्हणजे कोणाच्या पदरात सोय जास्त नको आणि कोणाच्या डोक्यावर ओझं जास्त नको. आईला आपण ओझ्यात धरलंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही, आणि आलं असेल तर कोणी तोंड उघडलं नाही. धुरपताबाई तिथेच खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. जीपलाही विचारलं नव्हतं म्हणा.

त्याला आता वर्षं झाली होती. थोरला व्यंकटराव आणि धाकटा दत्तराव यांची दारं समोरासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढा बोळ. पण दोघांत बोलणं नाही. निरोप द्यायचा तर आश्रुबा गाडीवान किंवा मग खुद्द आई. दर पंधरवड्याला म्हातारी आपलं गाठोडं काखेत मारून बोळ ओलांडायची आणि ती ज्या दारातून निघाली त्या दारासमोर जीप यायची.

जीप म्हणजे लष्कराच्या लिलावातली. रंगनाथरावांनी ती तरुणपणी आणली आणि मरेपर्यंत लेकरासारखी सांभाळली. ते गेले नामांतराच्या दंगलीच्या साली. एसटी बंद होती, पाहुणे मातीला पोचू शकले नाहीत, आणि जे पोचले ते ह्याच जीपनं आणलेले. ऑइलचा दाब दाखवणारा काटा तेव्हाच मेला होता, हॉर्नही वाजत नव्हता, पण इंजिन अजून एका दमात चालू व्हायचं. आता जुन्या गाडीचं दुखणं एकच असतं, ऑइल. तिला कोणतं ऑइल मानवतं हे ज्याला कळलं त्याची गाडी चालली. आणि इथे ते दोघांनाही कळलं होतं, हीच पंचाईत होती.

व्यंकटराव म्हणायचा, तीस नंबर. पातळ ऑइल. तो नांदेडला एका सोसायटीत कारकून होता तेव्हा दिवाळीला घरी यायचा. जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून वडील तीस नंबरचा डबा रिता करताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दत्तराव म्हणायचा, चाळीस नंबर. जाड. दिवाळीच्या दिवसांत तो कापूस आणि पेरणीच्या मागे शेतातल्या आखाड्यावरच मुक्कामाला असायचा, पण उन्हाळ्यात वडिलांच्या हाताखाली डबा धरून उभा राहणारा तोच. त्यानंही स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिलं होतं. आश्रुबामार्फत हे डोळे एकमेकांना बरेच दिवस दाखवून झाले. शेवटी दोघांनीही ठरवलं की समोरचा बापाच्या नावावर खोटं सांगतोय.

मग एक रीत पडली. गावातल्या कोणत्याही शहाण्याला ऐकून हसू आलं असतं, पण सवय झाली की हसू येत नाही. पाळी संपली की ज्याची पाळी तो इंजिनाखालच्या चेंबरचा बोल्ट सोडायचा, आपलं ऑइल डब्यात काढून घ्यायचा, बोल्ट लावायचा आणि जीपची किल्ली गोठ्यातल्या खिळ्याला अडकवायचा. आपल्या पैशाचं ऑइल त्यानं का जाळावं, हा एक मुद्दा. आणि आपल्यात त्यानं त्याचं मिसळून इंजिनाची वाट लावू नये, हा दुसरा. ज्याची पाळी सुरू होणार तो आपला डबा घेऊन यायचा आणि आपलं भरायचा. मधल्या वेळात जीप कोरड्या पोटानं उभी असायची. पण तो वेळ दिवेलागणीपासून सकाळपर्यंतचाच, आणि दोघांनाही ते पक्कं ठाऊक, म्हणून कधी काही बिघडलं नाही.

पाडवा तोंडावर आला होता. पौर्णिमेपासून जीप व्यंकटरावाकडे होती आणि आई दत्तरावाकडे. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी व्यंकटराव गोठ्यात जीपखाली शिरला आणि बोल्ट सोडून बसला. ऑइल पाण्यासारखं पडत होतं. धुरपताबाई काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. बसल्यावर बराच वेळ त्यांचा श्वासच जागेवर येईना. दमा जुना होता, पण या हिवाळ्यापासून त्यानं जास्तच धरलं होतं. परभणीच्या डॉक्टरांनी दोन्ही सुनांना बजावलं होतं की आता दम्याची उमळ येऊन श्वास कोंडला की वाट बघायची नाही, तसंच उचलून आणायचं. घरात जीप आहे ना, असंही त्यांनी विचारलं होतं. 

"आजच काढायलास का रे व्यंकट? अमावस्या तर उद्या हाय."

"उद्या मी परभणीला जायलोय. पाडव्याचा बाजार करायचाय. यायला उशीर झाला तर पुन्ना अंधारात कोण खाली शिरणार? तसंबी अमावस्येला मी जीप बाहेर काढत न्हाई."

"मंग जायलास कशानं?"

"एसटीनं."

"एसटीला अमावस्या लागत न्हाई व्हय?"

व्यंकटराव जीपखालीच हसला. आईची जीभ अजून शाबूत होती. तो बाहेर आला, हात चिंधीला पुसले आणि डब्याला झाकण लावलं. धुरपताबाई त्या डब्याकडे बघत होत्या.

"एक सांगू? तुझा बाप दोन्ही टाकीत व्हता. दिवाळीला पातळ आन् पाडव्याला जाड."

"माय, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला इंजिन न्हाई कळत. पण डबे रिकामे झाले की त्यात कोथिंबीर लावणारी मीच व्हते ना? दिवाळीला निळा डबा यायचा, पाडव्याला लाल. आता सांग, दोन रंगाचे डबे कशाला आणील मानूस?"

"दत्तानं शिकवलं असंल तुला."

हे ऐकल्यावर म्हातारीनं डब्यावरची नजर काढून घेतली. व्यंकटरावाला वाटलं, जरा जास्तच लागलं. पण शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती, आणि गेल्या काही वर्षांत तर ती पारच मोडली होती.

"दत्ता मला काय शिकवणार," त्या म्हणाल्या. "तुमी दोघंबी मला काय शिकवणार रे? माझं एकच म्हणनं हाय. एकदा त्या जीपमधी तुमी दोघं बसा, मधी मला बसवा आन् पोखर्णीच्या नरसिंहाला घिऊन चला. मंग भलं पुन्ना भांडा. मी मेल्यावर तर तुमी भांडायलाबी मोकळे हाव."

"बघू," व्यंकटराव म्हणाला.

किल्ली त्यानं खिळ्याला अडकवली. म्हातारी काठी टेकत बोळ ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. साखरेच्या गाठी, कडुलिंबाचे ढीग, नवी कापडं आणि वर मरणाचं ऊन. व्यंकटरावानं गाठी घेतल्या, गुढीला खण घेतला, आईसाठी लुगडं बघितलं आणि तिची पाळी आज संध्याकाळपासून आपल्याकडेच म्हणून घेऊनही टाकलं. मग तो बन्सीधरच्या दुकानात गेला. पाना-बोल्टांपासून ऑइलपर्यंत सगळं मिळायचं ते हे दुकान, आणि रंगनाथरावांपासूनचं गिऱ्हाईक म्हणून बन्सीधर व्यंकटरावाला बसायला स्टूल द्यायचा. आजही दिलं आणि न विचारता तीस नंबरच्या डब्याकडे हात नेला.

कालचं आईचं बोलणं व्यंकटरावाच्या मनातून जात नव्हतं. रात्रभर निळा डबा आणि लाल डबा. त्यानं उगीच विचारल्यासारखं विचारलं, "बन्सीशेठ, आमचे वडील कोणतं नेत होते हो?"

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"म्हणजे हिवाळ्यात का उन्हाळ्यात?" बन्सीधर म्हणाला. "दिवाळीला तीस न्यायचे, पाडव्याला चाळीस. तुमच्या जीपचं इंजिन झिजलेलं. ह्या उन्हात पातळ ऑइल टिकायचं न्हाई, जळून जाईल. आन् थंडीत जाड टाकलं तर सकाळी वर चढंपर्यंत इंजिन कोरडं फिरायचं. रंगनाथराव लय बारीक मानूस होते त्या बाबतीत."

तेवढ्यात आलेला चहा व्यंकटरावानं हातात घेतला.

"तुमी तीस नेता, दत्तराव चाळीस नेतात. मला वाटायचं, दोघं भावांनी वाटूनच घेतलंय. थंडीचं थोरल्यानं आनायचं, उन्हाळ्याचं धाकट्यानं. मी तर लोकांना सांगत असतो, वाटणी झाली तरी बघा कसं मिळून चाललंय."

माणसाला लाज कुठेही वाटू शकते, पण ती स्टुलावर बसून चहा पिताना वाटली की उठताही येत नाही. व्यंकटरावाला बापाचा हात दिसला, डबा धरलेला. त्या हाताला दोन्ही डबे माहीत होते. आपण फक्त दिवाळीला यायचो, आणि दिवाळीपुरता बाप घेऊन वर्षभर भांडत राहिलो. आईनं काल सांगितलं तर तिलाही खोटं पाडलं. त्याला एकदम रडू येईल असं वाटलं आणि त्यानं चहाचा कप घाईनं खाली ठेवला.

"चाळीसचा द्या," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत लाल डबा त्याच्या मांडीवर होता. गर्दीत लोकांचे गुडघे त्याला लागत होते आणि त्याला कशाचा राग येत नव्हता. मनात सगळं ठरत होतं. घरी गेल्यावर आधी आईला सांगायचं, माय, तुझंच खरं. मग हा डबा घेऊन समोरच्या दारात जायचं. दत्ताला काय म्हणायचं ते जुळत नव्हतं. दत्ता, हे घे, असं म्हणावं की नुसता डबा ठेवावा? तो दार लावून घेईल का? लावील, लावू दे. उद्या पाडव्याला आईला मध्ये बसवून पोखर्णीला जायचं, जीप त्यानंच चालवायची. आपण बाजूला बसू. हे एवढं साधं होतं आणि एवढी वर्षं आपण काय करत होतो, असं वाटून तो खिडकीबाहेर बघत एकटाच हसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं अंग चोरून घेतलं.

पोखर्णीच्या अलीकडे, रस्ता ओढ्यात उतरतो तिथे, एसटीचा वेग कमी झाला. बाभळीखाली एक जीप उभी होती. बॉनेट उघडं. भोवती पाच-सहा माणसं. व्यंकटरावानं जीप ओळखली, आणि खरं सांगायचं तर पहिला आला तो रागच. माझी पाळी दिवस मावळेपर्यंत आहे, आणि हा माझी जीप घेऊन निघाला! मग त्याला काल संध्याकाळी डब्यात पडणारं ऑइल आठवलं. तो ओरडत उठला, कंडक्टरनं घंटी मारायच्या आतच दाराशी गेला आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरला. डबा, गाठी, लुगडं सगळं सीटवर राहिलं. एसटी निघून गेली.

मागच्या बाकावर धुरपताबाई आडव्या होत्या. डोकं सत्यशीलेच्या, धाकट्या सुनेच्या मांडीवर. सत्यशीला पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. ती वारा घालत नव्हती. ते पाहिल्यावर व्यंकटरावाला विचारायचं काही उरलं नाही.

दत्तराव चाकाशी बसला होता. दोन्ही हातांना काळं लागलेलं, कपाळाला पण. थोरल्याला पाहून तो उठला नाही.

"दादा," तो म्हणाला. एवढ्या वर्षांनी पहिला शब्द. "दुपारी उमळ आली मायला. लय मोठी. तुमच्या घरी इचाराया कोन न्हवतं. किल्ली खिळ्यालाच व्हती. म्हणलं आज पाळी दादाची हाय, म्हणजे ऑइल त्याचं असंलच. मी बघितलंच न्हाई. लय पळिवली. वढ्याच्या तोंडाला आवाज करायला लागली आन् एकदम जाम झाली. एक ट्रक थांबला न्हाई, दादा. मी रस्त्यात आडवा झालो तरी थांबला न्हाई."

"ऑइल मी कालच काढलं व्हतं, दत्ता."

 दत्तरावानं मान वर करून भावाकडे पाहिलं. त्यानं अंगावर यावं, चार शिव्या द्याव्यात, धरून हाणावं, असं व्यंकटरावाला मनापासून वाटत होतं. दत्तराव पुन्हा खाली बघायला लागला.

"मी बी काढतच व्हतो की," तो म्हणाला.

कोणीतरी आश्रुबाची गाडी आणली. तो माळावरून कडबा घेऊन चालला होता, त्यानं कडबा तिथेच रस्त्याकडेला टाकला आणि थोडा खाली अंथरायला ठेवला. दोघा भावांनी आईला उचलून गाडीत ठेवलं. जीप बाभळीखाली सोडून गाडी गावाकडे वळली. व्यंकटराव आईच्या पायांशी बसला. दत्तराव जुवाला हात लावून चालत होता, गाडीत बसायला तयार नव्हता.

सत्यशीला थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. आताही ती पदर पुढे ओढून, बैलांच्या पाठींकडे तोंड करून बोलत होती, आश्रुबाला सांगितल्यासारखं.

"जीपमधी घालायलो तर आत्याबाई बसंनात. बोलता येत न्हवतं, नुसता घशात आवाज. ह्यांचा सदरा धरायच्या आन् जीपच्या खाली बोट दाखवायच्या. पुन्ना पुन्ना तसंच. दोनदा तर हात धरून खाली वढलं ह्यांना. आमाला वाटलं, लवकर चला म्हणायल्यात. जीव घाबरला की मानूस तसंच करतंय. वाटंनंबी लोखंडावर हात आपटीत व्हत्या. मी म्हणलं, आत्याबाई, आता आलंच परभणी, आता आलंच."

आश्रुबानं बैल हाकले. दत्तराव खाली मान घालून चालत राहिला. त्या तिघांनाही त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

व्यंकटरावाला कळलं. काल उंबऱ्यावर बसून तिनं सगळं पाहिलं होतं. जीपमध्ये थेंब नाही हे तिच्याशिवाय आणि आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. श्वास कोंडलेला असताना ती तेवढंच एक सांगायचा जीव तोडून प्रयत्न करत होती. आयुष्यात इंजिनाबद्दल ती दोनदाच बोलली. एकदा आपण ऐकलं नाही आणि एकदा कोणाला समजलं नाही. हे दत्ताला सांगावं का? सांगितलं तर तो ते बोट जन्मभर बघत राहील. व्यंकटरावानं आईचे पाय दोन्ही हातांत धरले. पाय अजून पुरते गार झाले नव्हते. तो ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि धाकट्यालाही ते ऐकू येत होतं, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

गावात शिरेपर्यंत दिवस बुडाला. बातमी पुढे गेली होती. बोळात माणसं जमली होती. एका दारात प्रभावती, व्यंकटरावाची बायको, भिंतीला धरून उभी होती, दुसऱ्या दारात दत्तरावाची लेकरं. आश्रुबानं दोन्ही दारांच्या मधोमध बैल थांबवले. त्यानं आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं. त्याला विचारायची इच्छा नव्हती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण गाडी कुठे लावायची हे कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

"मायला कुनाच्या दारात घ्यायचं?"

 पंचांतला एकजण तिथेच होता, त्यानं मान खाली घातली. व्यंकटरावाला वाटलं, दत्ता म्हणेल की माझ्या दारातून गेली, माझ्याच दारात येईल. त्यानं तसं म्हणावं आणि आपण तोंडातून चकार शब्द काढू नये, तेवढी तरी शिक्षा आपल्याला मिळावी.

दत्तरावानं पश्चिमेकडे एकदा पाहिलं.

"अमावस्या सरली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, दर पंधरवड्याला निरोप द्यावा तसाच आवाज होता. "आता पाळी दादाची हाय."

व्यंकटराव गाडीतून उतरला.

"दे," तो म्हणाला, आणि आईला घ्यायला त्यानं हात पुढे केले.